कमान ऐकणारी माई

“माई, ही कमान पडेल का हो?”

माई तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

केतकी त्यांच्या पाठीमागे, चुलीच्या बाजूला उभी होती. परवा आल्या आल्या तिनं हेच विचारलं होतं, काल सांज होताना पुन्हा विचारलं होतं. दोन्ही वेळा अशीच मागे उभी राहून. समोर जाऊन विचारायचा धीर होत नव्हता.

केतकीनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

उंबऱ्याशी दुधाची किटली घेऊन बसलेल्या किसनकाकांनी तिला हातानं थांबवलं. “मॅडम, मिळालं की उत्तर.”

“कुठं मिळालं?”

“हेच. माईंचं मौन. ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं असतंय.”

केतकीनं समजून घेतल्यासारखी मान हलवली. वळायला गेली आणि कोपर फळीवरच्या परातीला लागला.

खाली दगडी फरशी. परात पडली, गोल फिरली, फिरत फिरत दाराबाहेर गेली. कमानीखालचे पारवे भर्रकन उडाले. किसनकाकांच्या हातून किटलीचं झाकण सुटलं. केतकी तर थेट भिंतीला जाऊन चिकटली.

माईंना तांदळात एक खडा सापडला. चिमटीत धरून त्यांनी तो उजेडात पाहिला आणि बाजूला ठेवला.

किसनकाकांनी हात जोडले. “बघितलंत? चित्त किती स्थिर!”

केतकीच्या मनात मात्र तिथंच काहीतरी खटकलं.

दचकण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुकरची शिट्टी, पाल, मागून आलेली सायकल, स्वतःच्याच फोनची घंटी... काहीही पुरायचं. त्यामुळं दुसरी माणसं कशी दचकतात, हेही तिनं बारकाईनं पाहून ठेवलेलं. धीराची माणसंही दचकतात. खांदा तसूभर वर जातो, श्वास अडकतो, मग ती सावरतात.

माई सावरल्या नव्हत्या. सावरायला आधी काही झालंच नव्हतं.

*

केतकी ढवळे भूशास्त्र शिकलेली. जिल्ह्यातल्या निसर्गनवलांची यादी करायचं काम तिला मिळालं होतं. एकूण सतरा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी जायचं, मापं घ्यायची, फोटो काढायचे, चार पानी फॉर्म भरायचा.

नदीपात्रातले रांजणखळगे झाले. एका डोंगराच्या पोटातले दगडी खांब झाले. कोणी हातानं घडवून ओळीनं उभे करावेत, तसे सहाकोनी. गारगोट्यांनी चमचमणारी गुहा झाली. तिथं वटवाघळं उठली तेव्हा ही फॉर्म टाकून पळाली होती आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन उचलून आणला होता.

सतरावं ठिकाण म्हणजे करंजओहोळची कमान.

ओढ्यानं काळ्या कातळाला खालून पोखरत नेलं होतं आणि वरचा कातळ तसाच राहिला होता. या काठाहून त्या काठापर्यंत एकच दगड, आडवा. लांबी तीसेक फूट. खालून ओढा, ओढ्याकडेनं वाट. कमानीच्या अलीकडच्या पायथ्याला माईंची खोली. रविवारी यात्रा. पालखी दरवर्षी कमानीखालून जायची आणि तिच्यामागून दोन हजार माणूस.

आज शुक्रवार.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती. ‘यात्रेच्या दिवशी लोकांनी कमानीखालून जावे का? होय / नाही.’ त्याखाली सहीची जागा.

पलीकडच्या पायथ्यावर केतकीला एक भेग दिसली होती. कागद सरकेल एवढी. वरवरची असेल, किंवा आरपार गेलेली असेल.

‘होय’ लिहिलं आणि दगड सुटला तर? ‘नाही’ लिहिलं आणि दगड हजार वर्षं तसाच राहिला तर? तर सगळे म्हणणार होते, ही तीच पोरगी, वटवाघळांना भिऊन पळालेली.

तिनं आपल्या सरांना भेगेचा फोटो पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, ‘केतकी, दार आपटलं तरी तू वर्गातून उठायचीस. मला तुझी भीती कळवू नकोस. निरीक्षण कळव.’

निरीक्षण... तेच तर वेगळं काढता येत नव्हतं.

*

“तुम्ही लोक इतकी वर्षं बिनधास्त खालून कसे जाता?” तिनं किसनकाकांना विचारलं. ते परात उचलून आणून देत होते.

“माई ‘चाला’ म्हणतात म्हणून.”

“बस? एवढंच?”

“एवढंच म्हणजे? मॅडम, रोज पहाटे माई कमान ऐकतात. खडकाला तोंड टेकवून. देवाच्या पायावर डोकं ठेवावं तसं.” किसनकाका उकिडवे बसले. बोलायला विषय मिळाला होता. “वर तिकडं दगडांचा ढीग बघितलात ना ओढ्यात?”

केतकीनं पाहिला होता. फॉर्ममध्ये ‘जुनी पडझड’ असं लिहिलंही होतं.

“ती धाकटी कमान. पालखी तिच्याही खालून जायची. सात वर्षांमागं ऐन यात्रेच्या सकाळी माई आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आज हिच्याखालून नाही. लोकांनी काय कमी बोललं? एकजण म्हणाला, म्हातारीला चळ लागला. पण नेली पालखी बांधावरनं. आणि श्रावणात एका दुपारी... गेली की खाली. सगळीच्या सगळी. गुरं नुकती पाणी पिऊन वर आलेली.”

ते उठले. “आता बोला.”

केतकी काही बोलली नाही.

“समजलं मौन,” असं म्हणून किसनकाका पालखीला गोंडे बांधायला गावाकडं निघून गेले.

*

ते वळणाआड जाईपर्यंत केतकी थांबली. मग माईंच्या मागे जाऊन तिनं हळूच टाळी वाजवली.

काही नाही.

जोरात वाजवली.

माईंनी सूप उचललं, पाखडलं.

 केतकी वळसा घालून समोर गेली आणि एकदाचं बोलून टाकलं, “माई, तुम्हाला ऐकू येत नाही.”

माईंनी वर पाहिलं. नजर तिच्या ओठांवर थांबली. मग डोळ्यांशी सुरकुत्या जमल्या.

“कधी कळलं?”

“आत्ता. परात पडली तेव्हा.”

“परात पडली होय? तरीच पोचा आलाय तिला.” माईंनी सूप खाली ठेवलं. “तिसऱ्या दिवशी ओळखलंस की. किसनला नऊ वर्षांत नाही कळलं.”

“पण मग ते विचारतात, तुम्ही उत्तर देता...”

“समोरनं विचारलं की मी देते. मागनं विचारलं की त्याचा तोच देतो. बरं चाललंय त्याचं.”

केतकीला हसू आलं नाही. ती रागावली होती, आणि रागावली की ती भराभर बोलायची.

“हसताय काय माई? दोन हजार माणसं तुमच्या शब्दावर खालून जातात! तुम्ही कमान ऐकता म्हणून! आणि तुम्हाला कान नाहीत, हे तुम्ही कोणाला सांगितलंही नाहीत?”

“कोणी विचारलं नाही.”

“ही फसवणूक झाली.”

“हळू बोल. ओठ भराभर हलले की मला कळत नाही.”

केतकीनं तेच वाक्य हळू म्हटलं. हळू म्हटल्यावर ते तिचं तिलाच वेगळं वाटलं.

“कान कधी गेले?” तिनं विचारलं.

“सांगितलं की. नऊ वर्षं झाली.”

नऊ...

आणि धाकटी कमान पडून सात.



*

माई मूळच्या दगडकामाच्या घरातल्या. बापाबरोबर, मग नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडल्या होत्या. जात्याला, पाट्याला छिन्नीनं टाकी लावून दे, पुढच्या गावाला जा. मिक्सर आले, जाती अंगणात पालथी पडली. नवरा गेला तेव्हा त्या या कमानीपाशी येऊन राहिल्या. सामान एवढंच, एक हातोडा आणि चार छिन्न्या. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ‘माई’ हे नाव लोकांनी ठेवलेलं.

“तू काय काय बघितलंस कमानीचं?” माईंनी विचारलं.

केतकीला निदान एवढं तरी पाठ होतं. “अकरा ठिकाणी हातोडीनं ठोकून पाहिलं. सात ठिकाणी आवाज खणखणीत आला. चार ठिकाणी बद्द. बद्द आवाज म्हणजे दगड आतून सुटलेला.”

“असं कोण म्हणतं?”

“पुस्तकात आहे. आणि तुम्ही दगडकाम करणारे लोकही असंच म्हणता.”

माई उठल्या. अंगणाच्या कडेला दोन दगड पडले होते, ते उचलून आणले. एक काळा, गुळगुळीत. दुसऱ्याला बारीक बारीक भोकं, जाळीसारखी. दोन्ही अखंड.

त्यांनी काळ्यावर हातोडा टेकवल्यासारखा मारला. खण्ण.

जाळीच्या दगडावर मारला. बद्द.

“फुटलाय?” त्यांनी विचारलं.

केतकीनं दगड हातात घेऊन फिरवला. फुटला नव्हता. असला दगड आधीच भोकाभोकांचा असतो, लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, हे तिला माहीत होतं. त्यावर तिनं परीक्षेत तीन पानं लिहिली होती. आणि कमानीवर ठोकताना त्यातलं एक अक्षर आठवलं नव्हतं.

“नाही फुटला,” ती म्हणाली.

“त्याचा गळाच तसा.”

“म्हणजे ती चार ठिकाणं...”

“तीन जाळीची आहेत.”

“आणि चौथं? भेगेजवळचं?”

माई तिच्याकडे बघत राहिल्या. या वेळी त्यांना प्रश्न नीट कळला होता. तरीही त्या बोलल्या नाहीत.

शेवटी केतकीच बोलली, जमिनीकडे बघत. मग आठवून मान वर केली आणि पुन्हा बोलली.

“माई, मला भीती वाटतेय. पण मला सगळ्याचीच वाटते. ती भेग बघितली की पळून जावंसं वाटतं. ते दगडामुळं की माझ्यामुळं, तेच कळत नाही. मी काय लिहू?”

“काय लिहायचंय?”

केतकीनं फॉर्म दाखवला. ओळ वाचून दाखवली.

“तुम्हीच सांगा ना. रोज ऐकता तुम्ही. तुम्ही म्हणाल ते लिहिते.”

“लिहिणार कोण?”

“मी.”

“खाली सही?”

“माझी.”

“मग ऐकायचं कोणी?”

*

माईंनी फळीवरून एक छिन्नी काढली. हातभर लांब. एक टोक पदरानं पुसलं आणि केतकीपुढं धरलं.

“दातात धर.”

“काय?”

“दातात. घट्ट. दुसरं टोक जात्यावर टेकव.”

दाराशी एक पालथं जातं होतं. केतकी गुडघ्यावर बसली. लोखंडाची आंबट चव जिभेला लागली. आपण काय करतोय, हे कॉलेजातल्या कोणी पाहिलं तर, असं मनात आलं.

“कान झाक.”

तिनं दोन्ही कानांवर तळवे दाबले.

माईंनी जात्याच्या पलीकडच्या कडेला नखानं टिचकी मारली. फक्त नखानं.

केतकीच्या कवटीच्या आत ठक्क झालं.

ती ओरडली, छिन्नी खाली पडली. माई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

“पोचलं?”

“पोचलं...” केतकी दाढांवरून जीभ फिरवत म्हणाली.

“आता हे बघ.” माईंनी तिला शेजारच्या दुसऱ्या जात्याशी नेलं. तेही तसंच दिसत होतं. केतकीनं दातात छिन्नी धरली, कान झाकले. माईंनी पलीकडे नखानं मारलं. काही नाही. मूठ मारली. काही नाही. मग हातोडा उचलून एक टोला दिला. लांबून, चिखलातून यावं तसं काहीतरी आलं.

माईंनी जात्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. वरचा भाग लगेच वाळला. मधोमध केसाएवढी ओली रेघ राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

केतकी त्या रेघेकडे बघत बसली.

“धाकट्या कमानीचं असंच झालं?” तिनं तोंड वर करून विचारलं.

“त्या सकाळी पोचलं नाही. आदल्या दिवशी पोचलं होतं.”

“आणि थोरलीचं? आज सकाळी?”

माईंनी हातोडा तिच्या हातात दिला. जड होता. तिच्या कॉलेजच्या हातोडीच्या चौपट. वर एक छिन्नी दिली.

“पलीकडं जा. भेगेच्या पलीकडं. तीन टोले दे. मी इकडं दगडाला लागून बसते. मला पोचले, तर मी तीन परत देईन.”

“आणि नाही पोचले तर?”

“नाही देणार.”

“पण माई, तुम्ही तिकडं दिसणार नाही मला. मला कसं कळणार, तुम्ही...”

“उत्तर येईपर्यंत अलीकडं यायचं नाही. काय लिहायचं ते तिकडंच लिही. सही पण तिकडंच कर.”

त्या उठून चालायलाही लागल्या. केतकी मागून म्हणाली, “माई, कमानीखालून जाऊ की वरच्या अंगानं?”

त्यांना ऐकू येणार नव्हतं, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं.

ती वरच्या अंगानं गेली.

*

पलीकडचा पायथा उन्हात होता. कातळ तापलेला. त्यावर दगडफुलाचे करडे, वाळके पापुद्रे चिकटले होते. भेग तिच्या डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. भेगेच्या पुढं तीस फूट दगड आणि त्याच्या शेवटी, वळणाआड, दिसत नसलेल्या माई.

केतकीनं जागा ठरवली. पाय रोवले, हातोडा उचलला.

एक... दोन... तीन.

घाईघाईनं गुडघ्यावर बसून तिनं छिन्नी दातात धरली, टोक कातळाला टेकवलं, कान झाकले.

तिला तिचीच नाडी ऐकू आली. दाढांमध्ये.

वाट पाहिली. शंभरपर्यंत मोजलं. मधेच आकडे चुकले, पुन्हा साठपासून मोजलं.

काही नाही.

माई अजून पोचल्या नसतील. सावकाश चालतात. असं असेल.

ती उठली. पुन्हा एक, दोन, तीन. जरा जोरात.

पुन्हा छिन्नी, पुन्हा कान. ओढ्याचं पाणी दगडातून बारीक गुणगुणत होतं. तेही तिला पहिल्यांदाच कळलं. बाकी काही नाही.

तिच्या मनात भराभर सगळं येऊन गेलं. माईंचे दातही गेले असतील आणि तेही कोणी विचारलं नसेल. माईंना झोप लागली असेल. माई घसरून ओढ्यात पडल्या असतील. नाहीतर भेग आरपार असेल, आणि आपण उभे आहोत तो कातळ आत्ता...

“माई!” तिनं हाक मारली.

पारवे उठले.

“माई! ओ माई!”

हाक घळीत घुमली आणि विरून गेली. जिला ऐकू येत नाही, तिला आपण बोंबलून बोलावतोय, हे लक्षात आल्यावर तिचे कान तापले.

ती खाली बसली. पिशवीतून फॉर्म काढला, मांडीवर ठेवला. उत्तर आलेलं नाही. म्हणजे पोचलेलं नाही. आता हे निरीक्षण झालं, भीती नाही. सरांना कळवता येईल. उद्या सकाळी गावात सांगायचं, पालखी बांधावरून न्यायची. लोक बोलतील, बोलू देत.

पेन उघडून तिनं ‘ना’ लिहिला.

आणि सहज, ठोकलेली जागा कुठली ती मापासाठी टिपून घ्यावी म्हणून तिनं वर पाहिलं.

जागा सापडेना.

ती उठून जवळ गेली. इथंच ठोकलं होतं. हीच उंची, हाच कोपरा. सहा टोले. दगडावर एक चट्टा नव्हता. दगडफुलाचा पापुद्रा, जो बोटानं सोलला तरी निघतो, तो जसाच्या तसा होता. एक कणही झडलेला नव्हता.

केतकीनं हातोड्याकडं पाहिलं. मग मनगटाकडं.

हातोडा खाली येताना, दगडाला लागायच्या आधी, तिनं डोळे मिटून घेतले होते. सहाही वेळा. आणि मनगट मागं ओढलं होतं. सहाही वेळा.

 

ऊन भेगेच्या कडेवर आलं होतं. एक मुंगी भेगेतून बाहेर आली, इकडंतिकडं हिंडली, परत आत गेली.

केतकीनं फॉर्म दगडाखाली दाबून ठेवला. पेनाचं टोपण लावलं. ओढणी कमरेला बांधली. हातोडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे उघडे ठेवले. ठेवायला फार जड जात होते.

टोला बसला तेव्हा खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. दगडफुलाचा भुगा उडाला. काळ्या कातळावर पांढरा चट्टा उमटला आणि जळकट वास आला.

दुसरा. त्याच चट्ट्यावर.

तिसरा.

तिनं छिन्नी दातात धरली. टोक दगडावर ठरेना. तिनं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. कान झाकायला हातच उरले नाहीत.

पाणी गुणगुणत होतं.

नाडी.

पाणी...

ठक्क.

ती दचकली. छिन्नी सोडली नाही.

ठक्क.

तीस फुटांवरून, अख्ख्या कातळातून, कुठंही न अडखळता आलेला टोला.

ठक्क.

आणि मग घळीतून घुमत, वळणाआडून माईंचा आवाज आला:

“आलीस का गं पोरी?... मघाशीही पोचलं होतं. पण तेव्हा भीत भीत दोनदा ठोकून गेली, ती कोण?”